नॉर्वेचं विरजण

शिरीष गेल्याचं कळलं तेव्हा मी सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा मेट्रो स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभी होते. फोन वैशालीचा, त्याच्या बायकोचा. सकाळी चहा ठेवला, खुर्चीत बसला आणि बसल्या जागी गेला. समोर गाडी आली, दारं उघडली, मिटली, गेली. खरं सांगते, मला आधी रागच आला. शनिवारी माझ्याकडे येणार होता, आणि हा माणूस दिलेली वेळ कधी चुकवत नसे.

शिरीष वन-नॉर्थ या संशोधन-वसाहतीतल्या एका लॅबमध्ये यीस्टवर संशोधन करायचा. मी बँकेतली. ओळख झाली गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत. मी घरी बिअर बनवते म्हटल्यावर चार जणांनी भुवया उंचावल्या. त्यानं एवढंच विचारलं, कुठल्या तापमानाला? तेव्हापासून पठ्ठ्या बोलायला लागला तो थांबलाच नाही. डोळे उघडले की यांचं तोंड सुरू होतं, अशी वैशालीची कायमची तक्रार. दात घासतानासुद्धा बोलायचा म्हणे. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, झालं का तुमचं सुरू!

माझी पहिली एल जातीची बिअर त्यानं माझ्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये चाखली. मी हौसेनं चांगलं इंग्लिश यीस्ट मागवलं होतं आणि बिअर आंबवायची बादली ठेवली होती स्वयंपाकघरात, बत्तीस अंशांत. ग्लासातून नेलपॉलिश रिमूव्हरचा वास येत होता. त्यानं शांतपणे सगळा ग्लास संपवला आणि मग तासभर मला झापलं. त्या यीस्टला अठरा-वीस अंश लागतात, ते उकाड्यात घाईघाईनं काम उरकतं आणि असला घाण वास सोडतं, हे पाकिटावर लिहिलेलं तू वाचलंस का? नव्हतं वाचलं. पुढच्या आठवड्यात तो स्वतःची बरणी घेऊन आला. तळाशी दाट, मातकट साका. नॉर्वेच्या शेतकऱ्यांचं यीस्ट, तिशीच्या वरच खुलणारं. दरवेळी थोडं काढून ठेवायचं, पुढच्या खेपेला तेच घालायचं. आपलं विरजणच की!

पण दुधानं तोंड पोळलेली मी, ताकही फुंकून प्यायले. त्याचं यीस्ट घातलेली बादली मी छोट्या खोलीत ठेवली आणि एसी लावला अठरावर. तीन दिवस झाकणातल्या वायू सोडणाऱ्या नळीत एक बुडबुडा नाही. शिरीष आला, बादलीला तळहात लावला आणि पोट धरून हसला. मग एसी बंद करून रिमोटमधले सेल काढले आणि सरळ खिशात टाकले.

“अगं मीनल, अंथरूण पाहून पाय पसरावेत. आधी घर किती तापतं ते बघायचं, मग यीस्ट निवडायचं. सिंगापूर काही तुझ्यासाठी थंड होणार नाही.”

दुसऱ्या दिवशी बादली नुसती उकळल्यासारखी. एलला संत्र्याच्या सालीचा वास होता. त्यानंतर मी यीस्ट निवडताना कधी चुकले नाही, आणि हे मी छातीठोकपणे सांगते.

तो गेल्यावर पाच आठवड्यांनी वैशालीनं फ्रिज आवरला आणि त्याची ती यीस्टची बरणी माझ्या हातात ठेवली. माझ्याजवळचा साका मी आळसानं पुढच्या खेपेसाठी काढून न ठेवता कधीच संपवला होता. उरलं ते एवढंच. “जिवंत असेल का गं?” तिनं विचारलं. आठ दिवस बरणीला हात लावायचा धीर झाला नाही. मेलेलं निघालं तर तिला कुठल्या तोंडानं सांगू?

शेवटी शनिवारी बार्लीचं माल्ट उकळलं, कोमट केलं, साका ओतला. संध्याकाळपर्यंत काही नाही. रविवारी सकाळी बादलीला तळहात लावला... गरम होती. नळीत डुबुक, डुबुक. मी वैशालीला फोन लावला आणि तो नळीजवळ धरला.

ती म्हणाली, “झालं का तुमचं सुरू.”

त्यातलं अर्धं विरजण आता तिच्या फ्रिजमध्ये आहे. छोट्या खोलीतला एसीचा रिमोट भिंतीवर आहे तिथंच आहे. त्यात सेल मी अजून घातलेले नाहीत.