सुधाकरकाकांचा सार्जंट

"बाबा इज गॉन," सुधाकरकाकांची मुलगी मीना फोनवर म्हणाली आणि मी विचारलं, "आता कुठे पोचलेत?"

काका हायवेवर निघाले की चुकीची एक्झिट घेणार, हे ठरलेलंच होतं. एकदा नायगारा दाखवतो म्हणून आम्हाला घेऊन निघाले आणि संध्याकाळी आम्ही अटलांटिकच्या काठावर बसून काकूंनी दिलेल्या पुरणपोळ्या खात होतो. "पाणी बघायचं होतं ना? हे बघ, किती आहे," काका म्हणाले होते. त्यामुळे फोनवर मला दुसरं काही सुचलंच नाही. मग, एरवी माझ्या मराठी प्रश्नांना इंग्लिशमध्येच उत्तरं देणारी ही मुलगी मराठीत म्हणाली, "नाही रे दादा. बाबा वारले. झोपेत." टेक्ससमध्ये, प्लेनोच्या ऑफिसात, मी फोन ठेवला आणि न्यू जर्सीचं तिकीट शोधू लागलो.

काका माझे नात्याने कोणी नव्हेत. ते नागपूरचे, रंग बनवणाऱ्या एका कंपनीत केमिस्ट. मी ऐंशीच्या दशकात एमएस करायला न्यू जर्सीत आलो, तेव्हा त्यांच्या वेस्ट विंडसरच्या घराच्या बेसमेंटमध्ये राहायला गेलो आणि दोन वर्षं काकूंच्या हातचं जेवलो. हे घर एका जुन्या चर्चच्या दफनभूमीला लागून होतं. "सबंध अमेरिकेत ह्यांना स्मशानाशेजारचीच जागा सापडली," काकू येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. काकांचं म्हणणं, "शेजारी शांत आहेत. पार्ट्या नाहीत, कुत्री नाहीत."

शनिवारी काका लॉन कापत. आपलं गवत संपलं तरी मोअर बंद करणं त्यांच्या जिवावर येई. ते कुंपणाच्या फटीतून पलीकडे जात आणि पहिल्या थडग्याभोवतीचं गवतही कापून येत. त्या दगडावर लिहिलं होतं, सार्जंट सायलस पेंडल, अमेरिकेच्या यादवी युद्धात शत्रूचा झेंडा एकट्याने हिसकावून आणल्याबद्दल शौर्यपदक. एका शनिवारी तिथे काठी घेतलेला एक उंच म्हातारा उभा होता. हा सायलसचा नातू, वॉल्टर.

"तुम्ही माझ्या आजोबांचं गवत का कापता?" त्याने विचारलं.

काका म्हणाले, "शूर माणूस आहे. गवतात बुडालेला बरा दिसत नाही."

वॉल्टर मोठ्याने हसला आणि म्हणाला, "शूर? चला, बसू या."

मग त्याने जे सांगितलं ते काकांनी आम्हाला जेवताना इतक्या वेळा ऐकवलं, की मला ते पाठ आहे. सायलस बटाटे पिकवणाऱ्याचा मुलगा. नजर इतकी अधू, की शेतातली गाय आणि झुडूप यांत गल्लत व्हायची. मित्र निघाले म्हणून तोही युद्धावर गेला. ऐन लढाईत चष्मा पडला, सगळीकडे तोफांचा धूर, आपली माणसं कुठे गेली ते कळेना. तेवढ्यात धुरात एक झेंडा हलताना दिसला. आपलाच आहे असं समजून हा जिवाच्या आकांताने धावला आणि त्याच्या खाली जाऊन उभा राहिला. झेंडा शत्रूचा होता. तो धरणारा पोरगाही एकटाच मागे राहिलेला. एवढा मोठा शिपाई ओरडत अंगावर येतोय म्हटल्यावर त्याने घाबरून झेंडा ह्याच्या हातात दिला आणि हात वर केले. सायलसने त्याला विचारलं, "आपले लोक कुठे आहेत?" त्या पोराने बोट दाखवलं. दोघं तिकडे चालत गेले, तर ते सायलसचे लोक निघाले.

पदक मिळालं. सायलस गावी परतला, पुन्हा बटाटे लावू लागला आणि दर वर्षी सैनिकांच्या स्मरणार्थ निघणाऱ्या परेडच्या दिवशी लोकांना खरी हकिगत सांगू लागला. लोक म्हणत, काय विनय आहे. तो जितकं खरं बोले, तितका मोठा वीर होत जाई. शेवटी कंटाळून त्याने सांगणं सोडलं. फक्त नातवाला म्हणाला, त्या पोराचं नाव विचारायचं राहून गेलं.

पुढे वॉल्टरला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याची जीभ जड झाली. त्या वर्षी परेडनंतर आजोबांवर भाषण करायची त्याची पाळी होती. त्याने परेडच्या समितीला काकांचं नाव सुचवलं. अध्यक्षबाईंनी काकांना बजावलं, "दगडावर आहे तेवढंच बोला."

काका सुटाबुटात स्टेजवर चढले आणि सगळं खरं सांगून टाकलं. चष्मा, गाय, झुडूप, सगळं. समोर बँडवाले, म्हातारे सैनिक, खुर्च्यांवरचं गाव, सगळे चिडीचूप. काकू माझ्या कानात पुटपुटल्या, "गाडी चालू करून ठेव." मग काका म्हणाले, "मीसुद्धा ह्या देशात असाच आलो. धुरात आपले कोण ते दिसत नाही. जो झेंडा दिसला त्याच्याखाली जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, आपले लोक कुठे आहेत? तुम्ही बोट दाखवलंत." मागे कुठेतरी एक म्हातारी खुदकन हसली. मग सगळेच हसले आणि टाळ्या वाजवत उभे राहिले. अध्यक्षबाई तेवढ्या बसून होत्या. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरा वक्ता आणला. तो "एकट्याने हिसकावून" म्हणाला, तशी शाळेची पोरं एकसुरात ओरडली, "त्याला दिसत नव्हतं."

काकांच्या तेराव्याला मी गेलो. जो येई तो काका किती निर्भय होते ते सांगे. अख्ख्या गावासमोर खरं बोलायला छाती लागते, वगैरे. काकू मान हलवत ऐकत होत्या, पण त्यांचे डोळे कोरडे आणि चेहरा दगडासारखा. हॉलमधल्या काकांच्या आरामखुर्चीत कोणीही बसत नव्हतं. तेवढ्यात वॉल्टर आला आणि काही कळायच्या आत सरळ त्या खुर्चीतच बसला. काकूंनी त्याच्या हातात श्रीखंडाची वाटी दिली.

वॉल्टर एकेक शब्द जोडत बोलू लागला. "भाषणाच्या दिवशी... तो माझ्या गाडीत लपला. आतून लॉक केलं. मी बाहेर. काठीने काच ठोकत होतो."

काकूंनी विचारलं, "मग?"

"मग काच जरा खाली केली. म्हणाला, खरं सांगितलं तर लोक चिडतील का? मी म्हणालो, हो." वॉल्टर दम घ्यायला थांबला. "तरी उतरला."

काकू हसू लागल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आणि मला म्हणाले, वॉल्टर घाबरलाय, त्याला जरा धीर देऊन येतो."

ती खुर्ची आता रिकामी नसते. येईल त्याला काकू मुद्दाम तिथेच बसवतात, हातात चहा देतात आणि म्हणतात, "हं, आता ह्यांच्याबद्दल खरं काय ते सांगा."