दिसतो, पण सापडत नाही

ती घटना आठवली की आजही आधी मला हसू येतं आणि मग जीव थोडा जड होतो. मी तेव्हा मध्य प्रदेशातल्या सौसर ठाण्याचा प्रभारी होतो. हिवाळा होता, संत्र्याची तोडणी जोरात होती. सकाळची हजेरी आटोपून मी रोजनामचा चाळत होतो, तेवढ्यात तिशीतली एक बाई आली. गावातल्याच शाळेत शिकवायची. नवरा बंगळूरला कंपनीत आहे, असं ती समजत होती. मग कंपनीचं पत्र घरी आलं, यांना चार महिन्यांपूर्वीच कमी केलंय म्हणून. तिने फोन लावला, तो बंद. नऊ दिवस झाले, बंदच.

मी ठाण्याच्या मुन्शीला गुमशुदगी, म्हणजे माणूस हरवल्याची तक्रार, लिहायला सांगितली आणि विचारलं, "शेवटचे कधी दिसले?"

"काल संध्याकाळी पाचला."

मुन्शीचा पेन थांबला. मी तापलोच. "अहो बाई, काल दिसले तं मग गुमले कसे?"

"दिसतात साहेब, पण सापडत नाहीत," ती म्हणाली आणि तिने मोबाइल पुढे केला.

नोकरीधंद्यातल्या माणसांचं एक सोशल नेटवर्क असतं. तिथे तिचा नवरा रोज पाचला लाइव्ह यायचा. मुलाखत कशी द्यावी, साहेबापुढे कसं बोलावं, असे विषय. पाहणारे दिवसेंदिवस वाढत होते. घरच्यांना मात्र त्याने ब्लॉक केलं होतं, म्हणून ती मैत्रिणीच्या खात्यावरून पाहायची. मागे पांढरी भिंत, बाजूला पडदा, अंगात इस्त्रीचा शर्ट, तोंडभर हसू.

"हे हसणं त्यांचं नाही, साहेब. ते जिवाचं काही करून घेतील," बाई म्हणाली आणि मुन्शीसमोरच रडली.

सायबर सेलला पत्र पाठवलं. परदेशी कंपनी आहे, वेळ लागेल, असं उत्तर आलं. मात्र एका खबऱ्याने सांगितलं की या माणसाला नऊ-दहा दिवसांपूर्वी जवळच्याच पांढुर्णा स्टेशनवर उतरताना पाहिलं. म्हणजे स्वारी इथेच कुठेतरी होती आणि जगाला बंगळूर दाखवत होती.

मी त्याचे जुने लाइव्ह पाहायला बसलो. तिसऱ्या-चौथ्यात एक गोष्ट खटकली. बोलता बोलता हा माणूस मध्येच क्षणभर गप्प व्हायचा. थोड्या वेळाने पुन्हा तसाच.

"नेट अटकून राहिलं, साहेब," आमच्या ठाण्यातली शिपाई, महिला आरक्षक, म्हणाली.

"नेट अटकलं तं पडदा काहून हलून राहिला?"

दोन दिवस डोक्यात तेच. तिसऱ्या दिवशी मोहगावच्या रस्त्याने येताना एका बागेपाशी जीप थांबवली. ड्रायव्हरला कशावरून तरी झापत होतो. बागेतून आवाज आला, "लाभ!" आणि मी आपोआप अर्ध्या वाक्यात गप्प झालो.

आमच्याकडे संत्र्याची हातमोजणी करताना पहिल्या फळाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. शेकडा भरला की पुन्हा 'लाभ'. आणि तो शब्द निघाला की घरच्या माणसाने तोंड उघडायचं नाही, बरकत जाते. मी लहानपणी वडिलांची चापट खाऊन हे शिकलो. बाईला विचारलं तर एके काळी सासऱ्यांची बाग होती, नवरा याच सवयीत वाढलेला. म्हणजे हा पठ्ठ्या मोजणीच्या शेजारी बसून लाइव्ह करत होता! माइक बाहेरचा आवाज गाळायचा, पण सवय कशी गाळणार?

हल्ली माल वजनावर जातो. हातमोजणी त्या भागात तीनच बागांत उरली होती. एका बागेचा मालक नवऱ्याचा वर्गमित्र निघाला. त्याला ठाण्यात बसवलं, दोनदा चहा पाजला.

"मी तं दिवाळीपासून त्याले भेटलोच नाही, साहेब."

तासाभराने पुन्हा विचारलं. तेच वाक्य, शब्दही तेच. खरं सांगणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो. पाठ केलेलं तेवढं बदलत नाही. पण बागेत शिरून झडती घ्यायची माझी छाती होईना. तिथे विहीर होती. वर्दी पाहून नवऱ्याने उडी टाकली असती तर?

म्हणून दुसऱ्या दिवशी पाचला मी साध्या कपड्यांत बागेत गेलो, त्या वर्गमित्राला सोबत घेऊन. बाई ठाण्यात आरक्षकाजवळ बसून लाइव्ह पाहत होती आणि माझ्या फोनवर होती. मोजणारा म्हातारा ढिगापाशी बसला होता. मी हात वर केला.

"लाभ!"

काही सेकंद गेले. फोनवर बाई ओरडली, "थांबले!"

पुन्हा केलं. पुन्हा थांबला. मग म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबाजी, आता 'एक' म्हणा."

"काहून जी? जन्मात नाही म्हटलं म्या."

"माझ्यासाठी म्हणा."

त्याने तोंड वाकडं करून "एक" म्हटलं. फोनवर बाई म्हणाली, "बोलून राहिले, थांबले नाहीत." तिसऱ्यांदा 'लाभ' म्हणायच्या आतच मित्राने माझा हात धरला. "पंपाच्या खोलीत हाय, साहेब. त्यानं शपथ घातली होती."

मी दाराबाहेर उभा राहिलो. आत तो शेकडो लोकांना सांगत होता, नोकरी गेली तर खचू नका, आपल्या माणसांशी बोला. लाइव्ह संपल्याशिवाय मी दार वाजवलं नाही.

दार उघडून त्याने मला पाहिलं आणि ठाणेदार म्हणून ओळखलं. तिथेच खाली बसला. "लोक वाढले की कोणत्या तरी कंपनीची नजर पडंल, नोकरी लागंल, मग घरी जाईन म्हटलं," एवढंच कसंबसं बोलला. मी फोन त्याच्या हातात दिला.

पलीकडून बाई म्हणाली, "एवढ्या लोकांले सांगून राहिले. एक मले सांगाचं होतं."

तो लहान लेकरासारखा रडला. म्हाताऱ्याने मोजणी थांबवली. मी दुसरीकडे पाहत राहिलो.

त्या प्रकरणानंतर गुमशुदगी लिहिताना मी एक प्रश्न जास्तीचा विचारायला लागलो : या माणसाला कोणासमोर यायची लाज वाटत असेल? पुष्कळदा गुंता तिथूनच सुटायचा.

तो सापडला त्याच संध्याकाळी घरी गेलो आणि बायकोला सांगितलं की माझ्यावर दोन महिन्यांपासून विभागीय चौकशी चालू आहे. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मले माहीत हाय. तुम्ही कधी सांगता, याची वाट पाहून राहिली होती."