सुभद्रामावशींचा नकार

पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी, मांडीवर कुणाचं तरी पोर आणि हात लसूण सोलण्यात. सुभद्रामावशी मला पहिल्यांदा दिसल्या त्या अशा. बिबवेवाडीत टॉवर उभा राहत होता. वाशिमकडची माणसं त्यावर कामाला आणि त्यांची अकरा पोरं खाली पत्र्याच्या शेडमध्ये मावशींकडे. आया दिवसभर वरच्या मजल्यांवर, त्यामुळे पोरांचं काय ते मावशीच ठरवायच्या. त्यांची नात चिमीही त्यातच होती.

मी दवाखान्यातली नर्स. लस द्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "काही होत तं नाई ना, बाई?"

"छे हो, काही होत नाही!"

ताप येईल म्हटलं की आया पोरं मागे ओढतात, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. तोच शहाणपणा नडला. संध्याकाळपर्यंत सहा पोरं तापली. आयांना सुट्टी कोण देणार? मावशी एकट्याच दोन दिवस सहा कपाळांवर पट्ट्या ठेवत बसल्या.

पुढच्या महिन्यात चिमीला नऊ महिने भरले, तिची गोवराची लस आली. गेले तर शेड रिकामी. "पोरं गावाले गेली," मावशी म्हणाल्या. आणि खालच्या पार्किंगमधून रडण्याचा नुसता कल्लोळ! माझं डोकंच फिरलं.

"मावशी, हा अडाणीपणा पुरे करा."

"अडाणी आहो, पण खोटी नाई मी. ताप येते म्हणून सांगतलं असतं, तं मी तयारीनं बसली असती. आता तुह्यावर भरोसा कसा ठेवू?"

तिथेच "चुकलं माझं" म्हणायचं होतं. मी काय केलं? रजिस्टरात 'नकार' लिहिलं आणि तणतणत स्कूटीवर बसले.

तीन आठवड्यांनी तिथे गोवर आला. पुरळ दिसलं की देवी आली म्हणायचं, दाराला कडुनिंब बांधायचा आणि बाहेरच्याला आत घ्यायचं नाही, ही त्यांची रीत. कडुनिंब उतरेपर्यंत चिमीची छाती भरली होती. हॉस्पिटलात नेली, चौथ्या दिवशी गेली. मुकादमाने सांगितलं तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवून रडले. तो नकार त्यांचा नव्हताच हो, माझ्या थापेचा होता.

पंधरा दिवसांनी मावशी उरलेली दहाही पोरं आणि त्यांच्या आया घेऊन दवाखान्यात आल्या. बाकावर बसल्या नाहीत.

"आता खरं सांग. काय काय होते?"

मी सगळं सांगितलं. ताप, सूज, किरकिर, कधी घाबरायचं, कधी नाही. त्यांनी ते एकेका आईला आपल्या बोलीत समजावलं आणि एकेक पोर माझ्यापुढे धरलं. शेवटचं झाल्यावर हळूच म्हणाल्या, "चिमीले देली असती, तं वाचली असती काय?"

'देवाची मर्जी' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"बहुतेक वाचली असती, मावशी. मी तुमच्याशी खोटं बोलले, म्हणून राहिली तिची लस."



"हे तवाच बोलाले पाहिजे होतं, बाई," म्हणाल्या, आणि रडणारं एक पोर खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरल्या.