एका आधाराचा खण

मंगळवारी सकाळी मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये बाटल्यांच्या पेट्या मोजत होतो. शिपाई सांगत आला, फाटकावर गिरणीवाले बाबूराव उभे आहेत. बाबूराव चिंचवडहून पिंपरीपर्यंत सायकल मारत आले होते, अंगावर पीठ तसंच. "मास्तर गेलं," ते म्हणाले. "पेपर न्यायला खाली आलं न्हाईत म्हून वर गेलो. खुर्चीतच हायेत... पेन्सिल हातात." मी आत जाऊन उरलेल्या पेट्या मोजून पुऱ्या केल्या आणि मगच निघालो. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

आगटे मास्तर शाळेत भूगोल शिकवत. निवृत्तीनंतर त्यांनी बाबूरावांच्या गिरणीवरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि आंतरराष्ट्रीय घडामोडींचं अभ्यास मंडळ काढलं. मदत सरकारची नको, पक्षाची नको, कुणा वकिलातीची तर नकोच. देशोदेशींची वर्तमानपत्रं आठ-पंधरा दिवस शिळी होऊन रेल्वे पार्सलने येत. त्यांतली माहिती आम्ही तिघे-चौघे कार्डांवर उतरवायचो आणि मास्तर त्यावरून महिन्याला आठ पानांची पत्रिका काढायचे. आकडे तपासणं माझ्याकडे होतं. खाली गिरणी सुरू झाली की आमचं टेबल थरथरे. बाबूराव जिन्यातून ओरडत, "मास्तर, माझी गिरन बाजरी दळती, तुमची आख्खं जग दळती. पन पीठ कुठं पडतंय राव?" मास्तर हसून म्हणत, "आम्ही दळत नाही बाबूराव, नुसते खडे निवडतो."

खडे निवडण्याचा त्यांचा नियम कडक होता. कुठलीही बातमी दोन स्वतंत्र ठिकाणी मिळाल्याशिवाय खरी धरायची नाही. एकाच ठिकाणी मिळालेल्या बातमीचं कार्ड टेबलाच्या खालच्या डाव्या खणात जाई. दुसरा आधार सापडेपर्यंत त्यातलं काही छापायचं नाही, बोलायचंही नाही. आणि पत्रिकेच्या पहिल्या पानावर, सगळ्यांच्या आधी, गेल्या अंकातल्या आपल्या चुका. मला हे मनापासून पटलं होतं. पेट्या मोजणाऱ्या माणसाला पटणारच.

फाळणीला तेव्हा पाचेक वर्षं झाली होती. पिंपरीच्या निर्वासित वसाहतीतले लोकूमल शिंपी दर बुधवारी आमच्याकडे सिंधची काही बातमी आहे का, ते पाहायला येत. त्यांची आई घर सोडायला तयार नव्हती म्हणून तिकडेच राहिली होती. एका बुधवारी ते सतरा पायऱ्या जवळजवळ धावत चढून आले. आई यायला तयार झाली होती. पण इकडे बायकोचे दिवस भरत आले होते. "मास्तरजी, सच बोलो. अम्मा को अभी लाऊँ, के बच्चा होने के बाद? रास्ता तो बंद नहीं होगा?"

मी मान खाली घातली. आदल्या रविवारी मीच एक कार्ड लिहून त्या खणात टाकलं होतं... पाकिस्तानशी परवान्यावरचं जाणं-येणं लवकरच थांबण्याचा संभव. आधार एक. मास्तरांना मी वेगळं काही सांगितलं नव्हतं. हातातली तांबडी पेन्सिल खाली ठेवून ते म्हणाले, "बंद होण्याची खात्रीची बातमी नाही." लोकूमल खूश होऊन उतरले. तीन आठवड्यांनी नियम बदलले, परवाने बंद झाले. मुलगी सुखरूप झाली होती, आजी पलीकडे राहिली. दीड वर्षाने ती तिथेच वारल्याचं पत्र आलं.

लोकूमलांनी कधी बोल लावला नाही. ते दर बुधवारी येतच राहिले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसत, पेपर वाचत, जात. काही विचारत मात्र नसत. जिन्यात त्यांची पावलं वाजली की मास्तरांचं लिहिणं थांबे आणि माझं मोजणंही. पाच वर्षं आम्ही दोघं ती पावलं ऐकत होतो, आणि त्या कार्डाविषयी एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. मास्तरांना ठाऊक नाही, मी लपवलं आहे, असं मी धरून चाललो होतो.

तेराव्यानंतरच्या बुधवारी मी खोली आवरायला गेलो. डावा खण उघडून कार्डं मोजू लागलो. माझं कार्ड सापडलं. त्याच्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीची बरोबरची खूण होती आणि खाली तारीख. वाचलेल्या प्रत्येक कार्डावर मास्तर तशी खूण करीत. तारीख सोमवारची होती, लोकूमल धावत आले त्याच्या दोन दिवस आधीची.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली... मी कार्ड परत ठेवू शकलो असतो. ठेवलं नाही, लोकूमलांच्या हाती दिलं आणि त्यावर काय लिहिलंय ते हिंदीत सांगितलं. त्यांनी ते उजेडात धरलं.

"अक्षर किसका है?"

"माझं."

तांबडी खूण कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही. इतके बुधवार समोर बसून त्यांनी मास्तरांना ती खूण करताना पाहिलं होतं. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं, खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, "पेपर दो."

ही दुरुस्ती पत्रिकेच्या पहिल्या पानावर यायला हवी होती. पत्रिका आता निघत नाही, म्हणून इथे लिहिली. खोल्यांचं भाडं या महिनाअखेरपर्यंत भरलेलं आहे. मी बुधवारी जातो, लोकूमलही येतात. खाली गिरणी सुरू झाली की टेबल थरथरतं आणि डावा खण आपोआप बोटभर उघडतो. आम्ही दोघंही तो लावायला उठत नाही.