बंद दाराशी बोलायला शिकताना

पहिल्या परीक्षेत लिफ्टमामा नापास झाला, तेव्हा अडकलेली बाई लिफ्टमधून सुखरूप बाहेर आलेली होती, तीही अपेक्षेपेक्षा लवकर. मामाचा सगळा राग त्या एकाच गोष्टीवर होता.

"माणूस बाहेर काढला ना मी?" घरी येऊन बूट काढता काढताच तो माझ्यावर घसरला. "हातीपायी धड काढला. आता काय तिची दृष्ट काढायची होती?"

लिफ्टमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. आम्हाला मामा बरेच, त्यामुळे याला धंद्यावरून नाव पडलं. आपल्याकडे असताना तो मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट सांभाळायचा. लिफ्ट अडकली की लोक आधी त्याला फोन करायचे, मग घरच्यांना. तो जिने चढून मशीनरूममध्ये जायचा, मेन स्विच बंद करायचा, ब्रेक सैल करून मोठं चाक हाताने फिरवायचा आणि लिफ्ट जवळच्या मजल्याला आणून दार उघडायचा. या सगळ्यात तो एक शब्द बोलत नसे. आतले लोक ओरडत, दार बडवत. मामा म्हणायचा, "ओरडतोय म्हणजे शाबूत आहे. आपण आपलं काम करावं."

चाळिशी उलटल्यावर त्याला परदेशातल्या एका कंपनीत काम मिळालं. कामाला तो लगेच रुळला, कारण चाक, ब्रेक आणि दोर तिथेही तसेच होते. पण तिथे एक नियम होता. अडकलेल्या माणसाच्या सुटकेला एकट्याने जायचं असेल, तर त्या माणसाशी तिथल्या भाषेत बोलता आलं पाहिजे, आणि त्याची परीक्षा द्यावी लागे. ती पास होईपर्यंत मामा एका तरुण मेकॅनिकच्या मागून अवजारांची पेटी घेऊन फिरायचा. त्या मेकॅनिकला आम्ही घरात दाढीवाला म्हणायचो. दाढीवाला दाराशी उभा राहून आतल्या माणसाशी गप्पा मारायचा आणि मामा वर चाक फिरवायचा. पंधरा-वीस वर्षं उस्ताद म्हणून वावरलेल्या माणसाला ही पेटी फार जड जात होती.

त्याहून मोठी गोष्ट मामी आणि त्यांच्या मुलीची होती. त्या दोघी आपल्याकडेच होत्या; मामी तिथे शाळेत शिकवायची. स्वतंत्र मेकॅनिक झाल्याशिवाय कुटुंबाला आणण्याचा अर्ज करता येत नव्हता, आणि परीक्षेला दोनदाच बसता येत होतं. त्यातली एक संधी मामाने नुकतीच घालवली होती.

मी नोकरीसाठी त्याच शहरात आलो आणि मामाच्या दोन खोल्यांत राहायला लागलो, ते या परीक्षेच्या थोडंच आधी. मी कॉलेजात ती भाषा थोडी शिकलो होतो, म्हणून मामाने मला मास्तर करून टाकलं. "एवढा इंजिनिअर झालास, मामाला चार वाक्यं शिकवता येत नाहीत?"

आधी मी त्याला विचारलं की परीक्षेत नक्की झालं काय. कंपनीच्या हॉलमध्ये लोखंडी सांगाड्यात एक खरी लिफ्ट बसवलेली होती. तिच्यात दिवा बंद करून एक आजीबाई बसत. शाळेतून निवृत्त झालेल्या त्या बाईंना अडकल्याचं नाटक करायचं हेच काम होतं. परीक्षकाने इशारा केल्याबरोबर मामा जिन्यावरून वर धावला, चाक फिरवलं, दार उघडलं आणि ऐटीत उभा राहिला. आजीबाईंनी परीक्षकाला एवढंच सांगितलं की माझ्याकडे कुणी आलंच नाही, नुसतं एक दार उघडलं.

"आता दार काय आपोआप उघडलं?" मामा म्हणाला.

मलाही तेव्हा मामाचंच खरं वाटलं होतं. काम झालं की झालं, असंच मी शिकलो होतो.

मामा आठवड्यातून दोन संध्याकाळी भाषेच्या क्लासला जायचा. एकदा त्याला आणायला गेलो तर दारातूनच हसू आलं. लहान मुलांच्या शाळेतला वर्ग होता. बसक्या खुर्च्यांवर एक ट्रकचालक, एक नर्स आणि आमचा मामा, तिघांचेही गुडघे हनुवटीपाशी आलेले. बाई मामापेक्षा बऱ्याच तरुण होत्या. त्यांनी काही विचारलं की मामा तोंडभर हसायचा आणि "हो" म्हणायचा.

परत येताना मी म्हणालो, "मामा, त्यांनी विचारलं होतं की सुट्टीत कुठे गेला होतात. तू 'हो' म्हणालास."

"मग? गेलोच होतो की कुठेतरी." थोडं चालल्यावर तो म्हणाला, "अरे, घरी मी तोंड उघडलं की तुझ्या आईला हसून ठसका लागतो. लग्नाच्या मांडवात लोक माझ्या भोवती खुर्च्या ओढून बसतात. आणि इथे मी एवढंच सांगू शकतो, की माझी गाडी निळी आहे. गाडीसुद्धा नाहीये रे माझ्याकडे!"

मी हसलो, पण ते मला लागलं. लहान मूल चुकीचं बोललं की लोक कौतुकाने त्याला जवळ घेतात. मोठा माणूस चुकीचं बोलला की लोक आवाज चढवून बोलायला लागतात, जणू तो बहिरा आहे. मग तो एक सोपा मार्ग शोधतो: कळो न कळो, हसायचं आणि हो म्हणायचं. मीही ऑफिसच्या मीटिंगमध्ये तेच करत होतो. मामाचं उघड दिसत होतं आणि माझं झाकलं जात होतं, एवढाच फरक.

दुसऱ्या परीक्षेसाठी मी एक युक्ती काढली. आमच्या बाथरूमला खिडकी नव्हती आणि दिव्याचं बटण बाहेर होतं. एका रविवारी दुपारी मी आत जाऊन बसलो, मामाने दिवा घालवला आणि दाराबाहेर उभा राहिला. मामीचा व्हिडिओ कॉल चालू होता. तिला स्टुलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलं होतं.

"नमस्कार. मी मेकॅनिक आहे," मामाने पाठ केलेलं म्हटलं. "घाबरू नका. सगळं ठीक आहे."

मी आतून त्याच भाषेत विचारलं, "हवा संपेल का?"

"घाबरू नका. सगळं ठीक आहे."

"लिफ्ट खाली पडेल का?"

"घाबरू नका. सगळं..."

"अहो, पोपटासारखं काय तेच तेच?" मामीचा आवाज आला.

"तू गप गं. तुला काय कळतंय त्यातलं?"

"शब्द नसतील कळत, सूर कळतो. माझ्याशी फोनवर असंच बोलता तुम्ही." मग तिने मला हाक मारली. "भाचेबुवा, बाहेर या. मी बसते लिफ्टमध्ये."

"तू कशी बसणार?" मी विचारलं.

"मला उचलून ठेव ना आत!"

मी फोन बेसिनवर ठेवला, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. मामाने कपाळाला हात लावला. "काय थट्टा आहे ही! बायकोला बाथरूममध्ये कोंडून मी बाहेर उभा."

"कोण आहे बाहेर?" आतून मामी म्हणाली.

"मी. मेकॅनिक."

"मला कधी काढणार?"

"लगेच."

"लगेच म्हणजे कधी?"

"म्हणजे... लवकरच. काळजी करू नका, बाई."

मामी खळखळून हसली. "अहो मेकॅनिक, दोन वर्षं झाली तुमचं लवकरच चाललंय!" मामाही हसला. मग आतला आवाज जरा खाली आला. "खरं सांगू का? मला तारीख नकोय. तुम्हाला जेवढं माहीत असेल तेवढं सांगा. माहीत नसेल तर नाही माहीत म्हणा. पण मधून मधून दाराशी येऊन सांगून जा हो. काहीच ऐकू आलं नाही, की आतल्या माणसाला वाटतं, बाहेर कुणी नाहीच."

मामाने दारावर हात ठेवला. त्याला आणि मला जे ठाऊक होतं ते मामीला ठाऊक नव्हतं. परीक्षा पास झाल्यावरही अख्खं वर्ष एकट्याने काम करावं लागणार होतं, तेव्हा कुठे अर्ज घेतला जाणार होता. मामीला मात्र तो सांगत आला होता, पास झालो की बोलावतो.

"वर जाऊन बघतो," एवढंच म्हणून तो स्वयंपाकघरात निघून गेला.

"अहो? गेलात का?"

शेवटी मीच दार उघडलं आणि दिवा लावला.

पुढच्या क्लासला मामाने बाईंना एक विनंती केली. 'मला कळलं नाही', 'पुन्हा सांगा', 'मला माहीत नाही', 'बघून येतो आणि सांगतो', ही वाक्यं माझ्याकडून नीट म्हणून घ्या. बाई म्हणाल्या, ही तर पहिल्याच धड्यात झाली. मामा मला म्हणाला, "झाली होती. तोंडातून काढायची लाज वाटायची. पोटात ठेवली होती."

मग त्याने ती वाक्यं वापरायचा सपाटाच लावला. भाजीच्या दुकानात, बसथांब्यावर, शेजाऱ्याच्या दारात. दाढीवाला तर वैतागला. आधी मान हलवून मोकळा होणारा मामा आता एकेक वाक्य तीन तीनदा बोलून घ्यायचा. पण काही आठवड्यांनी दाढीवाला आपणहून सावकाश बोलायला लागला आणि जेवणाच्या सुट्टीत मामाला घरचं काय काय विचारायला लागला. मामाने त्या भाषेत पहिला विनोद केला तोही त्याच्यापाशीच. मला सांगितला तेव्हा मराठीत तो अगदीच फुसका वाटला. मामा म्हणाला, "अरे, पण तो हसला! खरंच हसला!"

परीक्षेच्या दिवशी सोबतीला एकाला येऊ देत, म्हणून मी गेलो. भिंतीलगतच्या बाकावर बसलो. आजीबाई लिफ्टमध्ये गेल्या, दिवा गेला, परीक्षकाने इशारा केला. मामाचा एक पाय सवयीने जिन्याकडे वळला. मग तो थांबला आणि दारापाशी जाऊन त्याने टकटक केली.

"नमस्कार. मी मेकॅनिक आहे. मी दाराबाहेर आहे. आत किती जण?"

आजीबाईंनी या वेळी भलतंच घाईघाईत काहीतरी सांगितलं. मलाही त्यातलं निम्मंच समजलं. मामाच्या चेहऱ्यावर ते जुनं तोंडभर हसू येता येता मी पाहिलं.

"मला कळलं नाही," मामा म्हणाला. "सावकाश सांगा."

त्यांनी पुन्हा तसंच सांगितलं.

"अजून नाही कळलं. मी इथेच आहे. हे लिफ्टचं आहे की तुमच्या शरीराचं?"

आतला आवाज संथ झाला. "शरीराचं. पाय. उभं राहवत नाही."

"खाली बसा. लिफ्ट पडत नाही, दोर मजबूत आहेत. हवा येते. मी आता वर जातो. वर गेलो की माझा आवाज येणार नाही. पण मी परत येतो."

"किती वेळ लागेल?"

"माहीत नाही. बघतो आणि सांगतो."

मामा वर गेला. परीक्षा घेणाऱ्यांनी ब्रेक मुद्दाम घट्ट करून ठेवला होता. खटपटीचा आवाज खालपर्यंत येत होता. आणि मग मामाने जे केलं ते त्याने जन्मात कधी केलं नसेल. हातातलं काम अर्धवट टाकून तो जिना उतरून खाली आला आणि धापा टाकत दाराशी म्हणाला, "मी मेकॅनिक. अजून झालं नाही. ब्रेक घट्ट आहे. आणखी थोडा वेळ लागेल. पाय कसा आहे?"

"दुखतोय," आजीबाई म्हणाल्या. "पण बसले आहे."

तो पुन्हा वर गेला. लिफ्ट मजल्याला लागायला पहिल्या परीक्षेपेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला. दार उघडल्यावर आजीबाईंनी उठायला हात पुढे केला. तो नाटकाचा भाग होता की नाही, मला सांगता येणार नाही. मामाने तो धरला. परीक्षकाने दोघांशी बोलून घेतलं आणि मामाला सांगितलं की व्याकरण कच्चं आहे, उच्चार सुधारा, पण एकट्याने जायला हरकत नाही.

परतीच्या बसमध्ये मला वाटलं होतं मामा फुशारक्या मारेल. तो खिडकीबाहेर बघत बसला होता. घरी आल्या आल्या त्याने मामीला फोन लावला.

"पास झालो."

तिकडे मुलीने आरडाओरडा केला. मामी पदराला हात पुसत पुढे आली. "अगंबाई! मग बॅगा काढू का माळ्यावरून?"

मी हळूच उठायला लागलो. मामाने मनगट धरून मला खाली बसवलं.

"नको काढू. अजून एक वर्ष मला एकट्याने काम करायचंय, मग अर्ज घेतात. हे मला आधीपासून माहीत होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. अर्ज केल्यावर किती दिवस लागतात, ते खरंच माहीत नाही मला. दर रविवारी विचारून सांगेन. काही कळलं नाही, तरी तसं सांगेन."

मामी उठून गेली. आम्हाला पडद्यावर नुसती भिंत आणि कपाटाचा कोपरा दिसत राहिला. मामाने फोन बंद केला नाही, की हाकही मारली नाही. बऱ्याच वेळाने ती परत येऊन बसली. तोंड धुऊन आली होती.

"हे वर्षापूर्वी सांगायचं होतंत."

"हो."

"शाळेत मला मोठ्या बाईंच्या जागेवर घेणार होते. जायचंय म्हणून मी नको म्हटलं. ओट्याची फरशी फुटलीय, तीही तशीच. म्हटलं, जायचंच आहे." तिने एक मोठा श्वास घेतला. "जागा अजून रिकामी आहे. उद्याच हो म्हणते. आणि गवंड्याला बोलावते."

"बोलाव."

"फरशी काळी बसवू की पांढरी?"

"तुला हवी ती."

"हे बघा, परत तेच! मी नीट विचारतेय, नीट सांगा."

त्या घरातून निघून मामाला दोन वर्षं होऊन गेली होती. त्याने खुर्ची फोनच्या जवळ ओढली.

"मला आठवत नाही गं," तो म्हणाला. "सकाळी ओट्यावर ऊन कुठपर्यंत येतं?"