टर्बो गार होईपर्यंत

जुन्या गाड्यांच्या धंद्यात गाड्या टिकत नाहीत, किस्से टिकतात. गाडी आली, पुसली, विकली, गेली. किस्सा कोणी विकत घेत नाही, त्यामुळं तो आमच्याकडंच पडून राहतो. संध्याकाळी चहाला चार माणसं जमली की एकेक बाहेर निघतो. त्यातले निम्मेअधिक एकाच गोष्टीवरून घडलेले आहेत. इंजिन गरम होतं की गार.

आमच्याकडं म्हणजे मी आणि माझा पार्टनर दिनकर. कोल्हापूरच्या बाहेर हायवेला लागून आमची गाड्या लावायची जागा आहे. बोलायचं काम माझं, संशय घ्यायचं दिनकरचं. कुठं गाडी बघायला गेलो की मी मालकाला नमस्कार करतो आणि दिनकर बोनेटवर हात ठेवतो.

त्याला कारण आहे. जुनं डिझेल इंजिन, त्यातून टर्बोचं, गार असताना खरं बोलतं. धूर काढायचा असेल तर पहिल्या स्टार्टला काढतं, खडखडायचं असेल तर खडखडतं. एकदा तापलं की शहाण्यासारखं गप्प. म्हणून काही लोक आम्ही पोचायच्या आधीच गाडी तापवून ठेवतात.

*

निपाणीकडच्या एका गावात असंच झालं. मालक मोठा बागायतदार, बोलायला गोड. आल्या आल्या ताक दिलं, आठवडाभर गाडी जागची हलली नाही असं सांगितलं. दिनकरनं ताक हातात घेतलं आणि दुसरा हात बोनेटवर टेकवला. चटकाच बसला त्याला.

मालक म्हणाला, उन्हानं तापलंय.

गाडी पत्र्याच्या शेडात होती आणि बाहेर सकाळपासून झिमझिम चालू होती. त्याच शेडात शेजारी ट्रॅक्टर उभा होता. दिनकर त्याच्याजवळ गेला, त्याच्या बोनेटवर हात ठेवला आणि शांतपणे विचारलं,

"ह्याच्यावर ऊन पडत न्हाय वाटतं?"

मालकाचा म्हातारा बाप कट्ट्यावर बसला होता. तोच आधी हसला.

*

पण संशय काय फक्त आम्हालाच येतो असं नाही. इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले शेठ आमच्याकडं गाडी बघायला आले. त्यांनाही कोणीतरी बोनेटवर हात ठेवायला शिकवलं होतं. आम्ही नुकतीच गाडी धुऊन पुढं आणून लावली होती, त्यामुळं गरम लागली. शेठनी मान हलवली. तापवून ठेवलीय म्हणजे कायतरी झाकलंय, असं म्हणून निघून गेले.

दोन-तीन दिवसांनी न सांगता सकाळीच हजर. आम्ही नुकतं गेट उघडत होतो. या वेळी गाडी थंडगार. दिनकर खुशीत माझ्याकडं बघायला लागला. शेठनी बोनेटवर हात फिरवला, दुसऱ्यांदा फिरवला, आणि त्यांचा चेहरा पडला. एवढी गार म्हणजे बंदच पडून असणार ही गाडी, असं त्यांचं मत झालं.

मी वैतागून विचारलं, "शेठ, मग इंजिन कसं पायजे तुमास्नी?"

शेठनी खरोखर विचार केला. म्हणाले, "कोमट."

*

दिनकरची खरी जिरली ती राजारामपुरीत.

तिथं एक निवृत्त बँक अधिकारी आपली टर्बो डिझेल विकत होते. एका हातात वाढलेली गाडी, आतल्या सीटवर डाग नाही. बोनेट गार. दिनकरला संशय घ्यायला जागाच मिळेना, म्हणून तो आणखी अस्वस्थ झाला.

साहेबांनी स्वतः गाडी सुरू केली आणि तसेच बसून राहिले. ऑईल सगळीकडं पोचू दे म्हणाले. मग आम्ही शिवाजी विद्यापीठापर्यंत चक्कर मारून आलो. इंजिन मांजरासारखं. परत आल्यावर गाडी दारात लावली, पण साहेब किल्ली फिरवेनात. इंजिन चालूच.

दिनकरनं मागच्या सीटवरून मला कोपरानं ढोसलं. त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं. एकदा बंद केली की ही परत सुरू होत नसणार, म्हणून हा माणूस बंद करत नाही. दिनकर म्हणाला, बंद करा की. साहेब म्हणाले, थांबा, पळून आलेला टर्बो तापलेला असतो, लगेच बंद केला की आतलं ऑईल जळतं.

दिनकरला हे पटलं नाही. तो दोन सीटच्या मधून वाकला आणि स्वतःच किल्ली फिरवून गाडी बंद केली.

साहेबांनी किल्ली काढून खिशात घातली. आवाज अजिबात चढवला नाही.

"अर्धा मिनिट थांबवत नाही ज्याला, त्याच्या हातात माझी गाडी द्यायची नाही."

आम्ही भाव वाढवून दोनदा निरोप पाठवला. त्यांनी दारसुद्धा उघडलं नाही.

*

हे दिनकरच्या मनाला लागलं. पुढं त्यानं स्वतःसाठी टर्बो डिझेल ठेवून घेतली आणि साहेबांसारखीच वापरायला लागला. सकाळी थांबून निघायचा, घरी पोचल्यावर थांबून उतरायचा.

आता संशय घ्यायची पाळी त्याच्या बायकोची, शैला वहिनींची. गॅलरीतून बघतात तर नवरा रोज खाली येऊन गाडीतच बसलेला. वर यायला बघत नाही. कुणाशी बोलतो? आठवडाभर त्यांनी बघितलं. मग एके दिवशी खाली उतरल्या, दार उघडून शेजारच्या सीटवर बसल्या आणि मोबाईल मागितला. दिनकरनं टर्बो, ऑईल, बेअरिंग, सगळं समजावून सांगितलं. नवरा खोटं बोलताना एवढी माहिती देत नाही हे त्यांना पटलं असावं, पण पूर्ण नाही.

"बरं," म्हणाल्या, "उद्यापासनं मी बी खाली येते. दोघं मिळून गार करू."

अजून येतात.

*

एकदा आम्ही दोघं गाडी जोरात हाणत साताऱ्याहून आलो आणि मला सोडायला दिनकरनं गुजरीच्या तोंडाला थांबवली. सराफ दुकानं बंद करत होते. इंजिन चालू, आत दोन माणसं, उतरत कोणीच नाही. एका दुकानाचा वॉचमन काठी घेऊन आला आणि काचेवर टकटक केली. कुणासाठी थांबलायसा?

दिनकर म्हणाला, "टर्बोसाठी."

वॉचमन दोन पावलं मागं सरला आणि दुकानाकडं बघून ओरडला, "मालक, शटर वढा. आजून एक जण येणार हाय."

*

आता आजऱ्याचं सांगतो.

फोन सुजाता नावाच्या बाईंचा आला होता. नवरा पुण्याला नोकरीला, त्या काजू फॅक्टरीत कामाला, घरात सासरे. नवऱ्याची गाडी विकायची होती. वापर नाही, सुरूसुद्धा करत नाही म्हणाल्या.

आम्ही गेलो. बोनेट गरम. शिवाय चारी चाकांना पुढून मागून मोठे दगड लावलेले. दिनकर मला बाजूला घेऊन म्हणाला, इंजिनचं कायतरी झाकलंय आणि हँडब्रेक गेलाय, बाई साधी दिसते पण साधी नाही. त्या दिवशी आम्ही काहीच न ठरवता परत आलो.

पण गाडी चांगली होती. दिनकरच्या डोक्यातून जाईना. पुढच्या आठवड्यात आम्ही न कळवता पहाटेच निघालो आणि उजाडता उजाडता त्यांच्या दारात पोचलो.

गाडी चालूच होती. आत स्टेअरिंगवर एक म्हातारे गृहस्थ बसलेले, पांढरा इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. आम्हाला बघून सुजाताताई घरातून पळत बाहेर आल्या. चेहरा उतरला होता. मग त्यांनी सगळं सांगितलं. सासरे, आबा, साखर कारखान्यात साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. आता त्यांना काही आठवत नाही, पण ड्युटी आठवते. रोज तयार होऊन गाडी सुरू करून बसतात. किल्ली लपवली की दिवसभर शोधत फिरतात, जेवत नाहीत. एखाद्या दिवशी गिअर टाकतील म्हणून दगड लावलेत, आणि म्हणूनच विकायची.

दिनकरनं विचारलं, मग आम्हाला खोटं का सांगितलंत?

"लोकास्नी काय सांगू? सासरा जाग्यावर गाडी चालवतोय म्हणू?"

तेवढ्यात आबांनी काच खाली केली आणि दिनकरकडं बघितलं.

"बसा सायेब. उशीर झालाय आज."

दिनकरनं माझ्याकडं बघितलं. मग मागचं दार उघडलं आणि साहेब बसतात तसा डाव्या बाजूला बसला.

आबा लगेच निघाले नाहीत. इंजिन तापू दिलं. मग दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघत राहिले. अधूनमधून हात जरासे वळायचे, एकदा हॉर्न वाजवला. समोर काजूची झाडं होती, ती तिथंच होती. सुजाताताई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. दिनकर मागं साहेबासारखा ताठ बसून होता.

बऱ्याच वेळानं आबांनी हात खाली घेतले. "जरा बसा," म्हणाले, "टर्बो गार हुंदे." दोघं थांबले. मग आबांनी किल्ली फिरवली.

"पोचलो, सायेब."

दिनकर उतरला, दार हळू लावलं आणि पुढच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "टायमात आणलंसा आबा."

गाडी आम्ही घेतली नाही. रविवारी दिनकर आमच्या मेकॅनिकला घेऊन परत आजऱ्याला गेला आणि गिअरच्या केबल सोडवून आला. आता चाकांना दगड लावावे लागत नाहीत.