काचघरातले पंच्याहत्तर अंश

हवेची इतकी काळजी वाहणारा माणूस अख्ख्या मुलुंडात दुसरा नसेल. देवाने पृथ्वीवर हवा सोडली ती नीट सोडली की नाही, हे तपासायलाच आमच्या शेजारच्या काकांना खाली धाडलं असावं, अशी आमच्या बैठ्या चाळीची समजूत होती. कुणाच्याही घरात शिरले की ते आधी माणसांकडे बघत नसत. ओलं केलेलं बोट वर धरून उंबऱ्यात उभे राहत, "हवा सुकी आसा" किंवा "हवा कोंडली हा" असा निकाल देत आणि मगच पाटावर बसत. एकदा आमच्याकडे सत्यनारायणाची कथा ऐन रंगात आलेली असताना त्यांनी उठून मागची खिडकी सताड उघडली. समई विझली. भटजींनी पोथीतून मान वर केली. "समई परत लावता येईल हो भटजी," काका शांतपणे म्हणाले, "पण तीस माणसांचा श्वास आत कोंडलाय, त्याचं काय?" त्या दिवशी प्रसादापेक्षा काकांचीच चर्चा जास्त झाली.

त्यांचा तरी काय दोष? सगळं आयुष्य त्यांनी गिरणीत हवा ओली करण्यात घालवलं होतं. सुताचा धागा सुक्या हवेत तुटतो, म्हणून विणकामाच्या खात्यात पाण्याचा बारीक फवारा सोडत राहावा लागतो. त्या फवाऱ्याच्या यंत्रांवर काका फिटर होते. मग तो मोठा संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि काकांकडे हवेची सगळी विद्या उरली, पण ओली करायला हवा उरली नाही. दुसरा एखादा माणूस खचला असता. काकांनी पाडलेल्या बंगल्यांच्या खिडक्यांची तावदानं कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडून गोळा केली आणि चाळीमागच्या मोकळ्या जागेत चक्क एक काचघर उभारलं. "मुंबईत काचघर? इथं माणसं शिजतायत, तुम्ही झाडं शिजवा," असं चाळीतले लोक म्हणाले. काकांनी काचांना चुन्याचा हात दिला, आत ओली गोणपाटं टांगली आणि गावच्या आंब्यांवरून आणलेल्या सीतेच्या वेणीची सात झाडं लाकडाच्या ओंडक्यांवर बांधून लटकवली. ही वेणी म्हणजे झाडाच्या अंगावर वाढणारं आमरीचं, म्हणजे ऑर्किडचं झाड. फुललं की खरोखर केसांची वेणी सोडल्यासारखा गुलाबी-पांढरा घोस खाली लोंबतो. अजून एकही वेणी फुलली नव्हती, पण काका सातही झाडांशी लेकीसुनांशी बोलावं तसं बोलत.

या काचघराच्या छपराला एक झडप होती. ऊन चढलं की स्टुलावर चढून काठीने ती उघडायची आणि संध्याकाळी बंद करायची, यात एकाही दिवसाचा खाडा नाही. त्यामुळे काका तीन वर्षं कुठेही गेले नव्हते. मालवणकडे दिलेल्या लेकीला मुलगा झाला, तरी ते "ऊन खूप आसा" म्हणून थांबले. शेवटी लेकीचं पत्र आलं. ते काकूंनी माझ्याकडून वाचून घेतलं आणि काकांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा वाचायला लावलं. "बाबा, नातवाला कुंडीत लावते, मग तरी बघायला याल ना?"

नेमक्या त्याच सुमारास काकांचा एक पुतण्या, जो बोटीवर खलाशी होता, परदेशातून एक नळकांडं घेऊन आला. त्यात मेण भरलेलं होतं. उकाड्याने मेण फुगतं, आतला दांडा बाहेर सरकतो आणि छपराची झडप आपोआप उचलली जाते. गारवा आला की झडप आपोआप मिटते. वीज नको, माणूस नको. काका ते उराशी धरूनच हिंडत होते. काकू म्हणाल्या, "मी एक टेबलफॅन मागितला तर कानात बोळे. आणि झाडांना खिडकी उघडायला फॉरेनचा नोकर!"

सोबत इंग्रजी कागद होता. आणि आता या गोष्टीत माझा, म्हणजे खऱ्या गाढवाचा, प्रवेश होतो. मी तेव्हा सायन्सच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. वर्गात प्राध्यापकांचं इंग्रजी माझ्या डोक्यावरून जायचं, पण चाळीत मला इंग्रजी येत नाही असं म्हणायची कुणाची छाती नव्हती, माझीही नाही. मी कागद उलटसुलट केला, भुवया आक्रसल्या आणि जाहीर केलं, "पंच्याहत्तर अंशांना उघडायला लागली पाहिजे." पंच्याहत्तरच्या पुढे एक इंग्रजी अक्षर होतं. ते मला दिसलं नाही असं नाही. पण त्याने काही फरक पडत असेल, असं वाटलं नाही.

काकांनी पातेल्यात नळकांडं बुडवून पाणी तापवलं. मी थर्मामीटर धरून उभा राहिलो. पंच्याहत्तरला काकांनी पाण्यावर तळहात धरला आणि झटकन मागे घेतला.

"झिला, हात भाजतलो रे हेच्यात. झाडांचा काय होतला?"

"काका, सायन्समध्ये असंच असतं," मी म्हणालो. हे वाक्य आजही मला कधी कधी आंघोळ करताना आठवतं आणि मी डोक्यावर जरा जोरातच तांब्या ओततो.

काकांनी तळहात सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "बरां. तू शिकलेलो." आणि त्या उकळत्या हिशेबाने त्यांनी दांडा झडपेला जोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका-काकू लेकीकडे गावाला गेली. काचघराची किल्ली आमच्या आईकडे होती आणि थर्मामीटर आत, दाराच्या चुना न लावलेल्या काचेतून दिसेल असा टांगलेला.

पहिल्या दुपारी मी डोकावलो. झडप बंद. पारा अठ्ठेचाळीसवर. 'अजून सत्तावीस बाकी,' असं मनात म्हणून मी अभ्यासाला बसलो. दुसऱ्या दुपारी बावन्न. 'तेवीस बाकी.' पानं थोडी मलूल वाटली, पण मला वाटलं, फॉरेनच्या यंत्राची सवय व्हायला वेळ लागत असेल. तिसऱ्या दिवशी आईने भाकरी थापता थापता विचारलं, "काय रे, ती झडप कधी उघडणार?"

"पंच्याहत्तर झाल्यावर."

"एवढंच? मागच्या वर्षी तुझाच ताप एकशे तीनवर गेला होता. तेव्हा तू कुठे शिजलास?"

"आई, तुला कळत नाही गं. तापाचा थर्मामीटर वेगळा असतो, तो फॅरन—"

कागदावरच्या पंच्याहत्तरपुढचं ते अक्षर 'एफ' होतं, आणि काचघरातला थर्मामीटर सेल्सिअसचा. किल्ली घेऊन मी अनवाणीच धावलो. दार उघडलं तेव्हा आतून भाजीच्या पातेल्यावरचं झाकण काढावं तशी वाफ आली. सातपैकी पाच झाडं पिवळी पडून लोंबत होती. मी दांडा सोडवला, झडप उघडली, गोणपाटं भिजवली आणि उरलेल्या दोन झाडांसमोर अपराध्यासारखा उभा राहिलो.

काका परतले तेव्हा चाळ अंगणात जमली होती. काकू गावाहून आणलेले खटखटे लाडू वाटत होत्या आणि काका सांगत होते, "नातवाक मांडीर घेतलंय! ह्या कॉलेजवाल्यामुळे जमलां बरं का!" मी लाडू परत ताटात ठेवला. मला तेव्हा 'मला माहीत नव्हतं' हे वाक्य इंग्रजीतच काय, मराठीतही येत नव्हतं. पण सगळ्यांसमोर ते म्हणालो. अडखळत, पण पुरतं म्हणालो.

काका काचघरात गेले. एकेक ओंडका हातात घेऊन बघितला. मग दारात येऊन मला हाक मारली.

"झिला, गिरणीत सायब इंग्रजीत बोलायचो. माका अर्धाच समजायचा, मान मात्र पुरी हालायची." ते वाळलेलं एक पान हातात चुरडत होते. "तो हात कोणाचो भाजलेलो? माझो ना? तरी मी गप रवलंय. म्हणजे चूक दोघांची."

नंतर त्यांनी कागद बाजूला ठेवायला सांगितला आणि दांडा स्वतःच्या अंदाजाने लावला. रोज सकाळी नऊ-साडेनऊला झडप उचलली जाऊ लागली. आता काका हवं तिकडे जायला मोकळे होते. पण ते कुठेच गेले नाहीत. रोज त्या वेळेला आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून काचघरात स्टुलावर जाऊन बसत. मी एकदा विचारलं, "काका, ती आपोआप उघडते ना? मग बसता कशाला?"

"ती उघडता आपली आपण," ते म्हणाले. "मी नुसतो हजेरी लावतंय."

माझं कॉलेज अकराचं असे. मीही पुस्तक घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसू लागलो. झडप पुरती उघडायला वीस-पंचवीस मिनिटं लागत. तेवढा वेळ आम्ही दोघंही वर बघत बसायचो.